घोषणा सर्वांना पाठ, नाव कुणाला आठवेना

रमजानचा पहिला आठवडा होता. इंदापुरात आमच्या अंगणात इफ्तारला नेहमीप्रमाणे शेजारची मंडळीही आली होती. मगरिबची अजान झाली, खजूर तोंडात गेला, कलिंगडाच्या फोडी आणि गरम भजी फिरू लागली. शेजाऱ्यांची मुलगी बारामतीला अभ्यासिकेत राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करते. सुटीला घरी आली तरी तिच्या हातातले प्रश्नसंचाचे पुस्तक काही सुटत नाही. भजी खाता खाता तिने सगळ्यांनाच एक प्रश्न टाकला. इंग्रजांना ‘क्विट इंडिया’, म्हणजे आपले ‘चले जाव’, हे शब्द कुणी सुचवले?

सगळ्यांनी एका सुरात गांधीजींचे नाव घेतले. मीही तेच म्हणालो. मुलगी हसली आणि तिने मागचे पान उघडून दाखवले. तिथे उत्तर होते युसूफ मेहेरअली. मग तिने दुसरा प्रश्न विचारला. ‘सायमन, परत जा’ ही घोषणा कुणाची? उत्तर पुन्हा तेच, युसूफ मेहेरअली. हे कोण होते चाचा, असे तिने मला विचारले तेव्हा मला दोन वाक्यांपलीकडे काही सांगता आले नाही. या पानावर इतकी वर्षे लिहिणाऱ्या माणसाला ही गोष्ट लागायला हवी होती, आणि ती लागली. त्या रात्री तरावीहहून परतल्यावर जुनी पुस्तके काढून बसलो. आजचा लेख म्हणजे त्या मुलीला उशिरा दिलेले उत्तर आहे.

वाचकहो, त्याआधी रोजाविषयी एक गोष्ट सांगतो. अनेकांना वाटते की रोजा म्हणजे वाईट गोष्टींपासून दूर राहणे. तसे राहायचे ते बाराही महिने. रोजात माणूस जे सोडतो ते वाईट नसते. कष्टाची भाकरी, घरच्या माठातले पाणी हे सारे हलाल, म्हणजे हक्काचे आणि शुद्ध. तेच पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत बाजूला ठेवायचे. जे आपले आहे, ज्यावर कुणी बोट ठेवू शकत नाही, ते स्वतःहून सोडणे हे रोजाचे मर्म. मेहेरअलींचे चरित्र वाचताना मला हे मर्म पुनःपुन्हा दिसत गेले. त्यांच्या धार्मिक आचरणाचा हिशेब मांडण्याचा मला अधिकार नाही. हक्काच्या गोष्टी त्यांनी किती वेळा आणि कशासाठी सोडल्या, एवढेच मी सांगणार आहे.

श्रीमंत घरातला मुलगा

युसूफ मेहेरअली यांचा जन्म 23 सप्टेंबर 1903 रोजी मुंबईत झाला. घराणे खोजा मुस्लिमांचे, व्यापार आणि कापड गिरणीच्या धंद्यातले. पैशाला तोटा नव्हता. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून त्यांनी पदवी घेतली आणि पुढे कायद्याचे शिक्षण पूर्ण केले. घरचा व्यापार सांभाळला असता तरी चालले असते, वकिली केली असती तर नाव आणि पैसा दोन्ही मिळाले असते. त्या काळच्या मुंबईत खोजा समाजातलेच एक बॅरिस्टर, महंमद अली जिना, वकिलीच्या शिखरावर होते. तरुण वकिलाने कुठवर जाता येते याचा नमुनाच डोळ्यांसमोर होता.

पण कॉलेजच्या दिवसांतच या मुलाच्या डोक्यात वेगळे वारे शिरले होते. जगातल्या क्रांत्यांचा इतिहास तो झपाटल्यासारखा वाचत असे. त्यातून त्याला एक कळले होते की गुलाम देशात तरुणांची संघटना नसेल तर नेत्यांची भाषणे हवेत विरून जातात. म्हणून त्याने मित्रांना जमवून मुंबईत तरुणांची संघटना, बॉम्बे यूथ लीग, उभी केली. आणि लवकरच तिच्या परीक्षेची वेळ आली.

आमचा कायदा कोण लिहिणार?

हिंदुस्थानचा कारभार पुढे कसा चालावा हे ठरवण्यासाठी ब्रिटिश सरकारने सात जणांचे एक मंडळ नेमले. सर जॉन सायमन त्याचे अध्यक्ष, म्हणून ते सायमन कमिशन. सातही जण ब्रिटिश संसदेचे सदस्य. ज्या देशाचा कायदा ठरवायचा त्या देशातला एकही माणूस त्यात नव्हता. आज आपल्याला ग्रामसभेत आपल्याला न विचारता ठराव झाला तर राग येतो. इथे तर कोट्यवधींच्या देशाचा ठराव सात परके करणार होते. काँग्रेसने बहिष्कार टाकला, आणि जिनांच्या गटानेही टाकला. त्या घडीला हा प्रश्न हिंदूंचा की मुसलमानांचा असा नव्हताच.

3 फेब्रुवारी 1928 रोजी कमिशन मुंबईच्या बंदरात उतरणार होते. यूथ लीगच्या पोरांनी बेत केला की होड्यांतून थेट समुद्रात जायचे आणि बोटीवरच निषेध करायचा. बेत फुटला आणि पोलिसांनी वाट अडवली. मग 24 वर्षांच्या मेहेरअलींनी आणि त्यांच्या साथीदारांनी हमालांचे कपडे घातले आणि बंदरावरच्या मोल स्टेशनात घुसले. गिरणीवाल्यांच्या घरातला मुलगा हमाल होऊन फलाटावर उभा राहिला. साहेब समोर आले तसे काळे झेंडे बाहेर निघाले आणि ‘सायमन, गो बॅक’ ही आरोळी उठली. लाठ्या पडल्या. पण तीन शब्द तिथून जे सुटले ते आगगाडीच्या वेगाने देशभर गेले. कमिशन जिथे जिथे गेले तिथे तिथे त्याच्या स्वागताला हेच शब्द उभे होते. त्याच वर्षी 30 ऑक्टोबरला लाहोरमध्ये याच घोषणेच्या मोर्चावर लाठीमार झाला, त्यात लाला लजपतराय जखमी झाले आणि 17 नोव्हेंबरला गेले.

त्या सात जणांत क्लेमंट ॲटली नावाचे एक सदस्य होते. पुढे तेच इंग्लंडचे पंतप्रधान झाले, आणि 1947 मध्ये हिंदुस्थान सोडण्याचा निर्णय त्यांच्याच सरकारने घेतला. ज्यांना फलाटावर परत जा असे ऐकावे लागले, त्यांच्याच हातून एकोणीस वर्षांनी परत जाण्याच्या कागदावर सही झाली.

मेहेरअलींना या घोषणेची किंमत लगेच मोजावी लागली. राजकीय उद्योगांमुळे मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना वकिलीची सनद नाकारली. शिक्षण पूर्ण, परीक्षा उत्तीर्ण, तरी काळा डगला अंगावर चढला नाही. नमते घेतले असते, थोडे गप्प राहिले असते, तर कदाचित मार्ग निघाला असता. त्यांनी तो मार्ग शोधला नाही. हक्काची पहिली भाकरी तिथे बाजूला ठेवली गेली.

तुरुंगातले विद्यापीठ

1930 साली मिठाचा सत्याग्रह पेटला. मोठे नेते आत गेले तसे तरुणांनी काम अंगावर घेतले. मेहेरअलींना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. 1932 मध्ये पुन्हा अटक होऊन त्यांना नाशिकच्या तुरुंगात पाठवले गेले. आयुष्यात एकूण आठ वेळा ते तुरुंगात गेले.

नाशिकचा तो तुरुंग म्हणजे एक विद्यापीठच होते. जयप्रकाश नारायण, अहमदनगरचे अच्युतराव पटवर्धन, अशोक मेहता, मिनू मसानी अशी मंडळी तिथल्या भिंतींआड बसून वाद घालत होती. इंग्रज गेल्यावर काय? साहेबाच्या खुर्चीत आपला शेठ किंवा जमीनदार बसणार असेल तर कुळाला आणि गिरणी कामगाराला त्या स्वराज्याचा काय उपयोग? या वादांतूनच 1934 मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला. आपल्या पुण्याचे एस. एम. जोशी आणि ना. ग. गोरे याच परिवारातले. मेहेरअली या पक्षाच्या संस्थापकांपैकी एक. स्वतः गिरणीवाल्यांच्या घरातले असून त्यांनी गिरणी कामगारांची बाजू धरली. घरच्या हिताविरुद्ध उभे राहणे किती अवघड असते हे आपल्या साखर कारखान्याच्या पट्ट्यात वेगळे सांगायला नको.

याच वर्षांत देशात एक मागणी आकार घेत होती. आमचा कायदा आम्हीच लिहू, आणि तो लिहिणारी सभा प्रत्येक प्रौढाच्या मतावर निवडली जावी. 1936 च्या डिसेंबरात आपल्या खान्देशातल्या फैजपूरला, म्हणजे एका खेड्यात, काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि तिथे ही मागणी ठरावाच्या रूपाने पुन्हा मांडली गेली. त्या वेळी मताचा हक्क शेतसारा, मालमत्ता, शिक्षण यांच्या अटींवर मिळे. शेतमजूर, धुणीभांडी करणारी बाई, विणकर, बागवान, ऊसतोड करणारा यांना मत नव्हते. बंदरावरची ती आरोळी आणि फैजपूरचा तो ठराव यांच्यामागे प्रश्न एकच होता. आमचा कायदा कोण लिहिणार?

लहान पुस्तके, मोठे काम

1938 मध्ये न्यूयॉर्कला जागतिक युवक परिषद भरली. भारतीय प्रतिनिधींचे नेतृत्व मेहेरअलींनी केले. तिथून ते मेक्सिकोलाही गेले. या प्रवासात त्यांना एक गोष्ट खटकली. चालू प्रश्नांवरची छोटी, स्वस्त पुस्तके तिकडे सहज मिळतात आणि सामान्य माणूस ती वाचतो. आपल्याकडे तसे काहीच नाही. परतल्यावर त्यांनी ते काम हाती घेतले. देशाच्या नेत्यांची ओळख करून देणारी छोटी शब्दचित्रे त्यांनी लिहिली. इतरांकडून लिहून घेतले. पद्मा पब्लिकेशन्समार्फत अशी पुस्तके निघू लागली. लोकांनी राज्य चालवायचे तर लोकांना माहिती हवी, इतका तो साधा विचार होता.

दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि हिंदुस्थानला न विचारता युद्धात ओढले गेले. वैयक्तिक सत्याग्रहाच्या त्या काळात मेहेरअली पुन्हा तुरुंगात गेले. पुढे ते लाहोरच्या तुरुंगात होते. तिथल्या अनुभवावर त्यांनी लिहिलेल्या पुस्तकाचे नावच ‘अ ट्रिप टू पाकिस्तान’ असे आहे. पाकिस्तान तेव्हा अस्तित्वात नव्हता, फक्त मागणी होती, आणि मेहेरअली त्या मागणीच्या विरोधात ठाम उभे होते. एकाच शहरातले, एकाच खोजा समाजातले दोन कायदेपंडित. 1928 मध्ये एकाच कमिशनवर बहिष्कार टाकणारे. बारा-चौदा वर्षांत त्यांचे रस्ते असे फाटले.

महापौर, आणि ते दोन शब्द

लाहोरच्या तुरुंगात असतानाच 1942 मध्ये मुंबईच्या महापौरपदासाठी त्यांचे नाव पुढे आले. निवडणुकीसाठी त्यांची सुटका झाली आणि ते सहज निवडून आले. वय 38. मुंबईला तोवर इतका तरुण महापौर मिळाला नव्हता. काल कैदी आणि आज शहराचा पहिला नागरिक. ज्यांनी मत दिले त्या नगरसेवकांत हिंदू, पारशी, मुस्लिम, ख्रिस्ती असे सगळेच होते.

दिवस मोठे कठीण होते. मार्चमध्ये जपानने रंगून घेतले होते. मुंबईवर बॉम्ब पडतील या भीतीने लोक गाठोडी बांधून गावाकडे निघाले होते. अशा शहराचा कारभार त्यांच्याकडे आला.

त्या उन्हाळ्यात गांधीजी इंग्रजांना अखेरचा निरोप देण्याच्या तयारीत होते. त्यासाठी नेमके शब्द कोणते वापरावेत यावर मुंबईत सहकाऱ्यांची चर्चा झाली. शांतिकुमार मोरारजींनी सांगितलेली आठवण अशी की कुणी तरी ‘गेट आऊट’ सुचवले, पण ते गांधीजींना उद्धट वाटले. राजाजींनी माघार घ्या, निघून जा अशा अर्थाचे शब्द सुचवले. तेही जमेनात. मग मेहेरअलींनी गांधीजींच्या हाती एक धनुष्य दिले. त्यावर ‘क्विट इंडिया’ अशी अक्षरे कोरलेली होती. शब्द ठाम होते, पण त्यांत शिवी नव्हती. गांधीजींनी मान डोलावली. या नावाची पुस्तिका निघाली आणि काही आठवड्यांत संपली. या शब्दांचे हजारावर बिल्ले तयार झाले. मराठीत ते ‘चले जाव’ झाले आणि खेड्यापाड्यांत पोचले.

8 ऑगस्टला गोवालिया टँक मैदानावर ठराव झाला. 9 ऑगस्टच्या पहाटे धरपकड झाली. नेत्यांना घेऊन एक खास गाडी मुंबईहून निघाली. गांधीजींना चिंचवडला उतरवून पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नेले. नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद आदींना अहमदनगरच्या किल्ल्यात. रेल्वेने पुण्याहून नगरला जायचे तर वाट दौंडवरूनच. म्हणजे देशाचे नेतृत्व त्या दिवशी कैदी होऊन आपल्या बारामती-इंदापूरच्या उशाशीच गेले. पलीकडे सातारा जिल्ह्यात पुढे क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले, तेही याच दोन शब्दांच्या बळावर.

मुंबईच्या महापौरांनाही अटक झाली. पद मिळून जेमतेम चार महिने झाले होते. महापौराची खुर्ची ही लोकांनी दिलेली, हक्काची. तीही बाजूला राहिली.

आजाऱ्याची सूट

या आयुष्यातला मला सगळ्यात जास्त थांबवणारा प्रसंग यानंतरचा आहे. तुरुंगात मेहेरअलींना हृदयविकाराचा झटका आला. सरकारने त्यांना सेंट जॉर्ज रुग्णालयात खास उपचार देऊ केले. त्याच तुरुंगात आणखी दोन कैदी आजारी होते. नावारूपाला न आलेले साधे कार्यकर्ते. मेहेरअलींनी त्या दोघांसाठीही हीच सोय मागितली. सरकारने नकार दिला. तेव्हा त्यांनी स्वतःही जाण्यास नकार दिला आणि ते तुरुंगातच राहिले. 1943 मध्ये त्यांची सुटका झाली, पण प्रकृती पुन्हा कधीच पहिल्यासारखी झाली नाही.

रमजानमध्ये आजाऱ्याला रोजातून सूट आहे. ती घेण्यात काही गैर नाही, उलट ती घ्यावी असेच सांगितले आहे. माझी आई शेवटच्या वर्षांत औषधांमुळे रोजे ठेवू शकत नव्हती. ती रोज एका गरजवंताच्या घरी डबा पाठवी आणि तो पोचल्याचे कळेपर्यंत स्वतः जेवत नसे. मेहेरअलींचा प्रसंग वाचताना मला तो डबा आठवला. उपचार घेणे हा त्यांचा हक्क होता आणि घेतले असते तर कुणी नाव ठेवले नसते. पण जी सूट शेजारच्या कोठडीतल्या माणसाला मिळत नाही ती आपल्यालाही नको, असे त्यांनी ठरवले. समतेवर भाषणे पुष्कळ होतात. इथे एका माणसाने आपले हृदय त्यासाठी पणाला लावले होते.

स्वातंत्र्यानंतरची परीक्षा

15 ऑगस्ट 1947 हा दिवस शुक्रवार होता आणि तो महिना रमजानचा होता. महिन्यातला शेवटचा शुक्रवार, ज्याला जुमातुल विदा म्हणतात, तोच हा दिवस. तीन दिवसांनी, 18 ऑगस्टला, ईद आली. पण पंजाबात आणि बंगालात घरे जळत होती. ज्या फाळणीला मेहेरअलींनी विरोध केला ती होऊन चुकली होती. लाखो माणसे इकडची तिकडे जात होती. मेहेरअली इथेच राहिले, कारण ते आणखी कुठले नव्हतेच.

आता सत्ता आपल्या लोकांची होती. ज्यांच्याबरोबर तुरुंग भोगला ते मंत्री झाले होते. आठ तुरुंगवास, महापौरपद आणि ‘चले जाव’ हे नाव इतके गाठीशी असलेल्या माणसाला सत्ताधारी पक्षात मानाची जागा मिळणे अवघड नव्हते. पण मार्च 1948 मध्ये नाशिकला समाजवाद्यांचे अधिवेशन भरले आणि त्यांनी काँग्रेस सोडण्याचा निर्णय घेतला. नाशिकच्या तुरुंगात जो प्रश्न सुरू झाला होता त्याचे उत्तर पुन्हा नाशिकलाच दिले गेले. समोर सत्ता असताना ही मंडळी उठून विरोधी बाकांकडे गेली.

लोकशाहीच्या इतिहासात आपण निवडणुका, विजय, शपथविधी लक्षात ठेवतो. विरोधात बसायला स्वतःहून गेलेली माणसे लक्षात राहत नाहीत. बारामती म्हटले की देशाला राजकारण आठवते. आपल्या दोन्ही तालुक्यांत चहाच्या टपरीवर राजकारणाचा अभ्यासक्रमच चालतो. सत्तेच्या जवळ असणे किती उपयोगाचे असते हे आपल्याला कुणी शिकवायला नको. म्हणूनच मेहेरअलींचा हा निर्णय आपण जरा थांबून पाहावा. नव्या देशात सरकारला प्रश्न विचारणारे कुणी तरी हवे, आणि ते काम करायचे तर खुर्चीचा मोह आधी सोडावा लागतो. स्वातंत्र्यानंतर मुंबईच्या मतदारांनी त्यांना विधिमंडळात पाठवले ते समाजवादी म्हणूनच.

रमजानमधला निरोप

26 जानेवारी 1950 रोजी संविधान लागू झाले. आमचा कायदा कोण लिहिणार या प्रश्नाचे उत्तर मिळाले. प्रत्येक प्रौढाला मत. सारा भरणाऱ्यालाही आणि खुरपे धरणाऱ्यालाही. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या मतदार यादीत 17 कोटींहून अधिक नावे होती. पण ती निवडणूक मेहेरअलींच्या नशिबी नव्हती. 11 जूनला साने गुरुजी गेले. त्यानंतर तीन आठवड्यांनी, 2 जुलै 1950 रोजी, मुंबईत युसूफ मेहेरअलींचे हृदय थांबले. वय अवघे 46. जयप्रकाशजी जवळ होते.

तो रमजानचाच महिना होता, आणि अर्धा महिना सरला होता. दुसऱ्या दिवशी मुंबई थांबली. गिरण्या, दुकाने, शाळा बंद राहिल्या. दुपारी बस, ट्राम आणि आगगाड्या काही मिनिटे जागच्या जागी उभ्या राहिल्या. जो ना मंत्री होता ना कुठल्या संस्थानाचा नवाब, त्याच्यासाठी एवढे मोठे शहर आपणहून उभे राहिले. त्यातल्या कितीतरी जणांनी त्या दिवशी रोजा ठेवलेला असेल, आणि त्यांच्या शेजारी रोजा न ठेवणारेही उभे असतील.

मग हे नाव गेले कुठे? मला वाटते, मेहेरअली कुणाच्याच यादीत नीट बसत नाहीत. मुसलमानांच्या यादीत धर्माचे नेते आधी येतात, हा तर समाजवादी. काँग्रेसच्या यादीत बसवावे तर त्याने काँग्रेस सोडलेली. काहींना स्वातंत्र्याच्या इतिहासात मुस्लिम नाव अपेक्षितच नसते, त्यामुळे तिथे कुणी शोधत नाही. आणि आम्ही मुसलमान तरी कुठे शोधतो? इफ्तारच्या त्या संध्याकाळी चुकीचे उत्तर मीही दिले होते. दोष दुसऱ्यावर ढकलून चालणार नाही.

तरी आठवण अगदीच पुसलेली नाही. पनवेलच्या पुढे, मुंबई-गोवा रस्त्यावर तारा या गावी युसूफ मेहेरअली सेंटर आहे. 1961 मध्ये डॉ. जी. जी. पारीख आणि त्यांच्या साथीदारांनी ही संस्था सुरू केली. गोरगरीब आणि आदिवासींसाठी दवाखाना, शाळा, ग्रामोद्योग अशी कामे तिथे चालतात. कोकणात जाताना पाटी दिसली तर गाडी दोन मिनिटे थांबवा.

आणि आणखी एक छोटी गोष्ट. 9 ऑगस्टला आपल्या शाळांत क्रांती दिन होतो. मुले ‘चले जाव’ची घोषणा देतात. या वर्षी शिक्षकांनी घोषणेच्या आधी एक वाक्य जोडावे. हे शब्द युसूफ मेहेरअली नावाच्या मुंबईच्या महापौरांनी सुचवले होते. एवढेच पुरे.

काल संध्याकाळी त्या मुलीला मी हा लेख वाचून दाखवला. परीक्षेत इतके सगळे विचारत नाहीत चाचा, असे ती म्हणाली खरी, पण तुरुंगातल्या त्या दोन आजारी कैद्यांची नावे काय होती, असेही तिने विचारले. घोषणा देणाऱ्याचेही नाव न विचारणाऱ्या आपल्या अंगणात, त्याने ज्यांच्यासाठी उपचार सोडले त्यांची चौकशी झाली. मेहेरअलींना हा प्रश्न आवडला असता, असे मला वाटते. तेवढ्यात अजान झाली. तिने खजुराची थाळी माझ्यापुढे सरकवली आणि आम्ही रोजा सोडला.